पाळकाला सांगितलेलं

१ सप्टेंबर, रविवार

माझंच होतं ते. नाव घेतलं नाही, पण माझंच!

चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसले होते. पाळकाच्या बायकोला दुसरी जागा नसतेच. ह्यांचा घसा सर्दीने बसलेला, त्यामुळे लोक नेहमीपेक्षा कान देऊन ऐकत होते. उपदेश चांगला चालला होता. आणि मध्येच हे म्हणाले — "आपल्याच मंडळीत एक बहीण आहे. घरातलं माणूस गेल्यापासून तिची प्रार्थना बंद पडली आहे. ती उपासनेला येते, गीत गाते, डोळे मिटते, आमेन म्हणते. पण आतून देवाशी एक शब्द बोलत नाही. आणि हे कोणाला माहीतही नाही."

कोणाला माहीत नाही! आता सगळ्यांना माहीत झालं की.

गीतपुस्तक हातातून खाली पडलं. शेजारी सासूबाई होत्या, त्यांनी वाकून उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना कळलं असेल का?

मी हे ह्यांना स्वयंपाकघरात सांगितलं होतं. आई गेली त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भांडी पुसता पुसता. मी देवाकडे तिला वाचव असं मागितलंच नव्हतं. एवढंच मागितलं होतं की तिला दुखू देऊ नकोस. आणि ती शेवटच्या श्वासापर्यंत कण्हत, ओरडत गेली. तेव्हापासून माझ्या आतून शब्द निघत नाही. नुसते ओठ हलतात. हे सांगितलं तेव्हा ह्यांनी फडकं बाजूला ठेवलं, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. म्हणाले, "हे तुझ्यामाझ्यातच राहील. तुझ्या वाटची प्रार्थना मी करीन." माझ्या वाटची! केवढं हलकं वाटलं होतं तेव्हा.

पुढचा उपदेश ऐकलाच नाही. आशीर्वादाला सगळे उठले म्हणून उठले. हे मोठ्या दारात हात मिळवत उभे होते. मी बाजूच्या दाराने बाहेर पडले.

२ सप्टेंबर, सोमवार

विचारलं नाही. जेवताना विचारणार होते, पण समोर सासूबाई. त्यांना ऐकू येत नाही असं त्या म्हणतात. पण त्यांना जे ऐकायचं असतं ते बरोबर येतं.

ह्यांनी दोनदा विचारलं, "बरं नाही का तुला?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. खोटं नव्हतं.

३ सप्टेंबर, मंगळवार

विचारलं.

हे बूट पुसत बसले होते. एक बूट हातात घातलेला, दुसऱ्या हातात ब्रश. मी दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "अहो, रविवारी ज्या बहिणीचं सांगितलंत ती कोण?"

ब्रश थांबला. "कोण म्हणजे?"

"मीच ना?"

ह्यांनी हातातल्या बुटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो. तूच. चुकलं माझं."

मी कंबर कसून भांडायला आले होते. हे नाही म्हणतील, उडवून लावतील, मग मी असं बोलेन, तसं बोलेन — सगळं तयार होतं. आणि हे सरळ चुकलं म्हणून मोकळे! मग मी काय करायचं? भांडण तोंडातच राहिलं.

तरी म्हटलं, "तुम्ही शब्द दिला होता."

"नाव तर घेतलं नाही गं. कोणाला कळतंय?"

"मला कळलं ना! मी समोर बसले होते. सगळ्यांसमोर माझं पोट फाडून दाखवलंत, आणि वर मीच मान डोलवायची."

ह्यांचे डोळे भरून आले. बूट हातात तसाच. मला दया यायला हवी होती. आली नाही. परक्याने केलं असतं तर घरी येऊन दाराला कडी लावता आली असती. हे घरातच आहे. लोक म्हणतात ना, केसाने गळा कापला, तो असा. रक्त नाही, जखम दिसत नाही, आणि कापणारा शेजारी बसून रडतो.

६ सप्टेंबर, शुक्रवार

आज मी काम करते त्या लॅबमध्ये ठेकेदार आले, रक्तातली साखर तपासायला. आमच्या मंडळीचे सगळ्यात जुने पंच. घरं बांधतात, आणि मंडळीही आपणच बांधली असं त्यांना वाटतं. माणूस वाईट नाही. पण बोलायला लागला की मिक्सर चालू झाल्यासारखा.

बाही वर केली, मूठ आवळली, मी पट्टा बांधला. सुई टोचणार तेवढ्यात म्हणतात — "पाळकबाई, ती बहीण कोण ते कळलं बरं का आम्हाला!"

हाताला घाम फुटला. हातमोज्याच्या आत.

"कोण?" म्हटलं.

"दुसरं कोण? चष्मेवाली!"

चष्मेवाली म्हणजे बसथांब्याजवळच्या चष्म्याच्या दुकानात काम करते ती. लग्न केलं नाही. थोरल्या बहिणीबरोबर राहायची. बहीण वर्षभर अंथरुणावर होती, हिनेच तिचं सगळं केलं, आणि मागच्या हिवाळ्यात ती गेली. रविवारी लहान मुलांचा वर्ग हीच घेते. मुलं तिच्यामागे पिल्लांसारखी फिरतात.

"घरातलं माणूस गेलं, उपासना चुकवत नाही, आणि अलीकडे कोणाशी बोलत नाही. सगळं जुळतं," ठेकेदार म्हणाले. "मुलांचा वर्ग हिच्याकडे. बघा म्हणजे!"

ठेकेदारांची शीर एरवी दोरखंडासारखी असते. आज सापडेचना. दोनदा टोचावं लागलं. मुद्दाम नव्हे. मला तरी तसं वाटतं.

८ सप्टेंबर, रविवार

उपासनेनंतर चष्मेवालीभोवती घोळका. महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाई तिच्या खांद्यावर हात ठेवून, मान वाकडी करून — "आम्ही आहोत हं! मनात ठेवू नकोस!" आवाज एवढा, की पार्किंगमध्ये उभी असलेली माणसंही वळून बघायला लागली. काल चौघीजणी तिच्या घरी जाऊन प्रार्थना करून आल्या म्हणे. न विचारता. ती दारात ओल्या हातांनी उभी, आणि ह्या सोफ्यावर डोळे मिटून बसलेल्या!

ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. नुसती पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, "आता तरी सांगा, ती ही नव्हे म्हणून."

"सांगतो. पण ती नव्हे म्हटलं की पुढचा प्रश्न येणार — मग कोण? तेव्हा काय सांगू? तुझं नाव घेऊ? चालेल तुला?"

मी ओढणीची घडी घालायला लागले.

ह्यांनी माझ्यावरच आणून ठेवलं. चूक ह्यांची, आणि किल्ली माझ्या हातात! चालेल का मला? नाही चालणार. पाळकबाईच प्रार्थना करत नाही, हे लोकांना कळलं तर? महिला मंडळात प्रार्थनेची सुरुवात मी करते. आजारी माणसाच्या उशाशी मला बोलावतात.

म्हणजे मी गप्प बसायचं आणि ती सोसणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही दुसऱ्याच्या वाटचा.

९ सप्टेंबर, सोमवार

सासूबाई भाजी निवडत होत्या. मी काही विचारलं नव्हतं. आपणहून म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांनी माझं पहिलं बाळंतपण तीन उपदेशांत वापरलं. तिसऱ्या वेळी तर मुलगा पायाळू झाला. झाला नव्हता."

"मग तुम्ही काय केलंत?"

"चौथ्या वेळी सगळ्यांसमोर उठून बाहेर गेले. नंतर त्यांनी माझं कधी काही वापरलं नाही." एक देठ मोडला. "पण मला कधी काही विचारलंही नाही."

त्यांना ऐकू येत नाही म्हणे!

११ सप्टेंबर, बुधवार

चष्म्याच्या दुकानात गेले. निमित्त काढलं — चष्म्याची काडी सैल झाली आहे. खरंच जरा सैल होती.

दुकान अरुंद, दोन्ही बाजूंना भिंतभर फ्रेमी, मध्ये उंच स्टूल. ती आतल्या बाजूला एका माणसाला अक्षरं वाचायला लावत होती. "आता स्पष्ट? की आधीचं स्पष्ट?" किती शांत आवाज. तो माणूस चुकत होता आणि चुकतोय हे मान्य करत नव्हता. तरी तिने एकदाही आवाज चढवला नाही.

मग माझी काडी घट्ट केली. छोट्या पेचकसाने, जिभेचं टोक ओठांत धरून. मी म्हटलं, "लोक बोलतात त्याकडे लक्ष देऊ नका."

"बोलू देत बाई. सवय आहे."

"मुलांचा वर्ग सोडू नका."

त्यावर ती थांबली. चष्मा हातात धरून माझ्याकडे नीट पाहिलं. "पाळकसाहेब काही म्हणाले का तुम्हाला? माझ्याबद्दल?"

"नाही. काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही हो."

तिने चष्मा मऊ कपड्याने पुसला, माझ्या नाकावर स्वतः बसवला, कानामागे बोट फिरवून पाहिलं. "आता पडणार नाही," म्हणाली. कामाचे पैसे घेतले नाहीत.

बसथांब्यावर येऊन उभी राहिले आणि एवढी लाज वाटली! मी तिला धीर द्यायला गेले होते. की ती गप्प राहील ना हे बघायला?

१५ सप्टेंबर, रविवार

आज क्षमेवर उपदेश. मी पंख्याकडे बघत बसले.

१८ सप्टेंबर, बुधवार

ठेकेदारांचा फोन ह्यांना. मी भाजी चिरत होते, ऐकू येत होतं. येत्या रविवारी उपासनेनंतर मागच्या सभागृहात पंचांची बैठक, मंडळीतल्या कोणीही यावं. विषय — मुलांचा वर्ग कोणाकडे द्यायचा.

हे म्हणाले, "जरा सबुरीने घ्या." मग बराच वेळ नुसतं "हं, हं." मग, "तुम्ही म्हणता तसं."

फोन ठेवल्यावर मी सुरी खाली ठेवली. "तुम्ही मेंढपाळ आहात. कळपातलं एक मेंढरू ओढून नेतायत आणि तुम्ही हं हं करता?"

"बैठकीत बघू."

"काय बघू? तुम्हाला माहीत आहे ना, ती नव्हे!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. एवढा दमलेला चेहरा मी कधी बघितला नव्हता. "तू यात पडू नकोस," म्हणाले. "हात जोडतो."

माझ्यासाठीच म्हणत असतील का? माझं नाव येऊ नये म्हणून? एकदाचं काहीतरी माझ्यासाठी केलंय असं वाटावं, तर ते नेमकं हे!

सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "चोर सोडून संन्याशाला फाशी." कोणाला उद्देशून ते सांगितलं नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

आई असती तर म्हणाली असती — उद्या काय घालून जाणार आहेस ते आधी ठरव, बाकीचं आपोआप ठरतं.

निळी ओढणी काढून ठेवली आहे.

२२ सप्टेंबर, रविवार

बोलले.

क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

मागचं सभागृह म्हणजे पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचं मोठं पातेलं, वर ट्यूबलाइट, जी पेटायच्या आधी विचार करते. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक भिंतीला टेकून उभे. चष्मेवाली दाराजवळ बसली होती, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. पाळक म्हणून हे मधल्या खुर्चीवर.

ठेकेदार उभे राहिले. "रागलोभाचा प्रश्न नाही. ताईंनी वर्ग चांगला चालवला, कोणी नाही म्हणत नाही. पण जिची स्वतःचीच प्रार्थना बंद, ती मुलांना काय शिकवणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ताईंनी काही महिने विश्रांती घ्यावी, असं आम्हा सर्वांना वाटतं."

सर्वांना! सेक्रेटरीबाई मान हलवत होत्या.

कोणीतरी विचारलं, "ताई, तुमचं काय म्हणणं?"

चष्मेवाली बसूनच बोलली. आवाज तोच, दुकानातला. "ती बहीण मी आहे की नाही, ते पाळकसाहेबांनी सांगावं."

सगळ्यांच्या माना ह्यांच्याकडे वळल्या. हे उठले. खुर्चीची पाठ धरली. तोंड उघडलं — "मी त्या दिवशी कोणाचं नाव..." आणि मला कळलं, हे आता काहीतरी गोल गोल बोलणार. तिचं वाक्य असं सरळ, आणि ह्यांचं असं. मला ते ऐकायचंच नव्हतं.

"ती बहीण मी आहे."

माझाच आवाज. मी कधी उभी राहिले ते आठवत नाही.

"माझी आई गेली. तेव्हापासून मला प्रार्थना येत नाही. मी ओठ हलवते. महिला मंडळातही नुसते ओठच हलवते. ह्यांना मी घरी सांगितलं होतं, ते ह्यांनी व्यासपीठावरून सांगितलं. ह्या ताईंचा त्यात काही संबंध नाही. वर्ग कोणाचा काढायचा असेल तर माझ्याकडे काही असेल ते काढा."

ट्यूबलाइट तेवढी गुणगुणत होती.

चष्मेवालीकडे पाहिलं. तिचं तोंड उघडं पडलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. उठायला लागली, आणि परत बसली. आपल्यासाठी कोणी उभं राहतं, याची सवयच नसावी तिला.

हे खुर्ची धरून तसेच उभे होते. रंग उडालेला.

शेवटी ऑर्गन वाजवणारे आजोबा म्हणाले, "मग आता काय करायचं? पाळकबाईंसाठी प्रार्थना करायची, की चहा घ्यायचा?" कोणीतरी हसलं. ठेकेदार म्हणाले, "चहा घ्या." वर्गाचा विषय कोणी पुन्हा काढला नाही.

घरी येऊन वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवले.

२४ सप्टेंबर, मंगळवार

सेक्रेटरीबाई आल्या. चप्पल न काढता दारातच उभ्या. "माझ्या ऑपरेशनच्या आधी तुम्ही माझा हात धरून प्रार्थना केलीत. मी त्या धीरावर आत गेले. ते काय होतं मग? नाटक?"

मी म्हटलं, "हात तर खरा होता."

"पुरे झालं!" म्हणाल्या आणि गेल्या.

बरोबर आहे त्यांचं. मी ह्यांना बोलते, माझा विश्वास मोडला म्हणून. त्यांच्या घरी आज मला हेच बोलत असतील.

२६ सप्टेंबर, गुरुवार

ठेकेदार लॅबमध्ये आले. तपासणीला नाही. उभ्याउभ्याच बोलले. "पाळकबाई, ताईंच्या बाबतीत आमचं चुकलं. मी त्यांना दुकानात जाऊन सांगून आलो. तुम्हालाही सांगतो." कपाळ पुसलं. "पण मुळात ही गोष्ट बाहेर आलीच कशी, याचाही विचार व्हायला हवा. उद्या मी माझ्या घरातलं पाळकांना सांगायला गेलो तर?"

मी म्हटलं, "मग तो विचार तुम्हीच मांडा. मी मांडला तर नवरा-बायकोचं भांडण होईल."

त्यांनी मान डोलावली. जाताना म्हणाले, "त्या दिवशी दोनदा टोचलंत ते बरोबरच होतं म्हणायचं!" अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

पंचांनी ठरवून आणलं होतं. ठेकेदारांनी वाचून दाखवलं. पाळकाला खाजगीत सांगितलेलं पाळकापाशीच राहील. ज्याचं त्याने स्वतः हो म्हटल्याशिवाय व्यासपीठावर येणार नाही, नाव घेऊनही नाही आणि न घेताही नाही. पाळकाबद्दल कोणाची तक्रार असेल तर ऐकायला दोन माणसं, त्यांतली एक बाई. साधं, सरळ. इतकी वर्षं हे लिहून ठेवायची गरज कोणालाच का वाटली नाही?

मग हे उभे राहिले. व्यासपीठावर चढले नाहीत, खाली बाकांसमोरच. म्हणाले, "मी माझ्या पत्नीचा विश्वास मोडला. घरातली गोष्ट, म्हणून जीभ सैल सुटली. तिची क्षमा मागतो, तुमचीही मागतो. पण एक सांगतो — मंडळीतल्या कोणीही मला विश्वासाने सांगितलेलं आजवर बाहेर गेलेलं नाही. आणि जाणार नाही."

लोकांनी निःश्वास टाकला. ऐकू आला मला. पुढे बसून पाठीमागचा निःश्वास ऐकणं, हेही एक काम आहे पाळकबाईचं.

"घरातली गोष्ट म्हणून" — हे मात्र लागलं. म्हणजे बाहेरच्यांचं कुलपात, आणि बायकोचं ओट्यावर! तरी सगळ्यांसमोर मान खाली घातली. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

चष्मेवाली आशीर्वादाआधीच उठून गेली. वर्गातली मुलं तिला शोधत होती.

२ ऑक्टोबर, बुधवार

हे बदललेत. सकाळी माझ्या आधी उठून चहा ठेवतात. सासूबाईंचे पाय चेपतात. मी बोलले तर ऐकतात, आणि मध्ये शास्त्रवचन घालत नाहीत. काल भांडी घासत होते. मी म्हटलं, "राहू द्या." म्हणाले, "एवढं तरी करू दे."

सासूबाई मला म्हणाल्या, "फार गोड वागतोय. लहानपणी असा वागला की मी आधी कपाट उघडून बघायची." मी हसले. त्या हसल्या नाहीत. मुलाचं कौतुक करायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं!

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज लॅबमध्ये एक म्हातारी बाई आली. हाताची कातडी कागदासारखी. रक्त घेतलं आणि कापूस दाबून धरला. ती डोळे घट्ट मिटून बसली होती. आणि माझ्या आतून शब्द आले — हिला दुखू नये.

एवढेच. कोणाला म्हटलं ते ठाऊक नाही. आमेन नाही, काही नाही. पण ओठ हलले नव्हते! उलटं झालं होतं.

आईसाठी मी हेच मागितलं होतं. तेव्हा मिळालं नाही. तरी तेच मागावंसं वाटलं, म्हणजे मागणं मेलेलं नव्हतं म्हणायचं. रुसून बसलं होतं.

घरी येऊन ह्यांना सांगावंसं वाटलं. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलेही. सांगितलं नाही. अजून नाही. पण जावंसं वाटलं, हे काय कमी आहे? शब्द मोडला, पण विचारल्यावर क्षणभरात कबूल केलं. सगळ्या मंडळीसमोर कबूल केलं. असं किती पाळक करतात? किती नवरे करतात?

मी ह्यांना माफ केलं. लिहून टाकते, म्हणजे मागे घेता येणार नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

चष्मेवाली लॅबवर आली. माझी सुट्टी होईपर्यंत बाकावर बसून राहिली.

"बाई, माझ्यासाठी तुम्ही सगळ्यांसमोर खोटं बोललात. मला झोप लागत नाही."

"खोटं कुठे? ती मीच."

तिने पर्स बाकावर ठेवली. मग हळूच म्हणाली, "बहीण गेल्यावर मी पाळकसाहेबांकडे गेले होते. माझी प्रार्थना बंद पडली म्हणून सांगायला. कोणाला सांगणार नाही म्हणाले. त्या रविवारी उपदेशात जे बोलले ते शब्द माझे होते, बाई. एकूण एक."

संध्याकाळी त्याला विचारलं. तो नाही म्हणाला नाही. खाली बसला. मग, जणू माझी समजूत घालतोय अशा आवाजात म्हणाला —

"तुझं मी कधीच कोणाला सांगितलं नाही गं."